यकृताचे दीर्घ आजार आणि भांगेतील द्रव्ये



आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात ताळेबंदाच्या अगोदर एक आरोग्यविषयक लेख छापण्याची प्रथा आहे. आजवर तो लेख आमचे डॉक्टर लिहीत आले. या वेळी तो मी लिहावा, असे विश्वस्त मंडळाने सुचविले तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझी उमेद व्हाउचर, खतावणी आणि लेखापरीक्षकांचे शेरे यांत खर्ची पडली. तथापि ज्या प्रसंगातून हा विषय मंडळापुढे आला तो माझ्याच टेबलावर घडला होता, आणि त्यातून निघालेला प्रश्न वरकरणी तरी पैशाचा होता. गरीब रुग्णांसाठी राखलेला निधी एका विशिष्ट औषधावर खर्च करावा की करू नये, एवढाच तो प्रश्न. त्याचे उत्तर शोधण्यासाठी मला आमच्या यकृतविकारतज्ज्ञांपुढे तीन-चार वेळा विद्यार्थ्यासारखे बसावे लागले. त्यांनी जे समजावून दिले ते माझ्या शब्दांत येथे मांडत आहे. वैद्यकीय भाग त्यांनी नजरेखालून घातला आहे. भाषेतील ओबडधोबडपणा माझा.

प्रसंग असा. यकृताच्या सिरोसिसने आजारी असलेले, पन्नाशीच्या आतबाहेरचे एक गृहस्थ आमच्या पुरुष कक्षात दाखल होते. पोटात पाणी साठलेले, पायांवर सूज, हातापायांच्या काड्या झालेल्या. त्यांच्या पत्नीने निर्धन रुग्ण निधीतून साहाय्य मिळावे म्हणून अर्ज केला व सोबत बिले जोडली. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये धर्मादाय रुग्णालयांसाठी जी योजना ठरवून दिली तिच्यानुसार आपण एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम या निधीत जमा करतो, आणि देणगीदारांनी या कारणासाठी दिलेल्या रकमाही त्यातच येतात. त्यामुळे त्यातील प्रत्येक बिल मी स्वतः पाहतो. त्या बिलांमध्ये एक बिल परके होते. बाहेरून मागविलेल्या तेलाच्या दोन लहान बाटल्या, त्यावर ‘विजया’ असा शब्द, आणि रक्कम साडेसहा हजार रुपये.

मी विचारले, “ताई, हे कशाचे औषध?” त्या म्हणाल्या, “साहेब, लिव्हरचंच आहे. जिभेखाली थेंब टाकायचे. भावाच्या ओळखीतल्या एकाला गुण आला म्हणून आणलं. झाडपाल्याचं आहे, त्यानं काय अपाय होणार?” डॉक्टरांना सांगितले आहे का, असे विचारल्यावर त्या गप्प झाल्या. मंगळसूत्राकडे गेलेला त्यांचा हात मला दिसला, आणि ते बिल कशातून भागले असावे याचा अंदाज आला. मी बिल बाजूला ठेवून कक्षातील सिस्टरना दूरध्वनी केला. आदल्या रात्रीपासून रुग्ण वेळी-अवेळी झोपत होता आणि विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर देत होता, असे त्यांनी सांगितले. रुग्णाला कोणते थेंब दिले जात आहेत याची त्यांना काहीच कल्पना नव्हती.

विजया हे आयुर्वेदात भांगेला दिलेले एक नाव आहे. भांग, गांजा आणि चरस ही एकाच वनस्पतीची रूपे. पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा आणि त्यातील राळेचा चरस. या वनस्पतीत शंभराहून अधिक निरनिराळी द्रव्ये अशी आहेत की जी अन्य वनस्पतींत सहसा सापडत नाहीत. त्यांना एकत्रितपणे कॅनाबिनॉइड म्हणतात. त्यांपैकी दोन सर्वपरिचित आहेत. पहिले टीएचसी, ज्याने नशा चढते. ते १९६४ मध्ये इस्रायलमधील राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी शुद्ध स्वरूपात वेगळे करून त्याची रचना दाखविली. दुसरे सीबीडी, ज्याने नशा चढत नाही आणि ज्याच्या नावाने आज जगभर तेले, थेंब व गोळ्या खपतात.

टीएचसी मेंदूवर काम करते म्हणजे नेमके कशावर काम करते, हा प्रश्न पुढे वीस-पंचवीस वर्षे अनुत्तरित राहिला. १९८८ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांना मेंदूच्या पेशींवर असे स्थान सापडले की ज्यात हे द्रव्य कुलपात किल्ली बसावी तसे बसते. त्याला आज सीबी-१ म्हणतात. १९९३ मध्ये अशाच दुसऱ्या कुलपाची ओळख पटली. ते मुख्यतः रोगप्रतिकाराचे काम करणाऱ्या पेशींवर असते व त्याला सीबी-२ म्हणतात. आता निसर्गाने माणसाच्या शरीरात कुलपे काही गांजासाठी बसविली नसणार. शरीराची स्वतःची किल्ली असलीच पाहिजे, या तर्काने शोध चालू राहिला आणि १९९२ मध्ये मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेत डुकराच्या मेंदूतून ती किल्ली मिळाली. तिचे नाव त्यांनी आपल्या ‘आनंद’ या संस्कृत शब्दावरून आनंदामाइड असे ठेवले. जेरुसलेमच्या प्रयोगशाळेत एका रेणूचे बारसे संस्कृतात व्हावे, याची मला व्यक्तिशः फार गंमत वाटली. १९९५ मध्ये अशीच आणखी एक किल्ली मिळाली, तिला थोडक्यात टू-एजी म्हणतात. सारांश, भांग कधीही न घेतलेल्या माणसाच्या शरीरातही भांगेसारख्या द्रव्यांची एक व्यवस्था अहोरात्र चालू असते. भूक, वेदना, मळमळ, झोप, मनाची अवस्था यांवर तिचा अंमल असतो. आणि आता समजले आहे त्याप्रमाणे यकृतावरही.

येथे यकृताविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. यकृत हे अत्यंत सोशीक इंद्रिय आहे. त्याचा बराच भाग निकामी होईपर्यंत ते तक्रार करीत नाही, आणि तक्रार करते तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो. दारू, हिपॅटायटिस बी व सी हे विषाणू, आणि अलीकडे दारूचा थेंबही न घेणाऱ्यांमध्ये स्थूलता व मधुमेहामुळे साठणारी चरबी, ही दीर्घ आजाराची प्रमुख कारणे. कारण कोणतेही असो, पुढची वाट बहुधा एकच. यकृतात स्टेलेट नावाच्या पेशी असतात. एरवी त्या जीवनसत्त्व ‘अ’ साठवून स्वस्थ बसलेल्या असतात. यकृताला वारंवार इजा होऊ लागली की त्या आपले रूप पालटतात आणि जखम भरून काढण्यासाठी चिवट तंतू विणू लागतात. इजा थांबली तर हे विणकाम थांबते, काही प्रमाणात उसवतेही. इजा चालूच राहिली तर मऊ यकृताच्या जागी तंतूंचे जाळे व गाठी उरतात. यालाच सिरोसिस म्हणतात.

पोटात पाणी का होते, हा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक वारंवार विचारतात. मलाही त्याचे उत्तर आजवर ठाऊक नव्हते. आतड्यांकडून यकृताकडे रक्त आणणाऱ्या शिरेला पोर्टल शीर म्हणतात. यकृत कठीण झाले की तिच्यातील रक्ताला वाट मिळत नाही व दाब वाढतो. इथवर कोणालाही समजेल. विचित्र गोष्ट पुढची आहे. याच रुग्णांच्या आतड्यांकडील रक्तवाहिन्या सैल पडून रुंदावतात, तेथे रक्त वाजवीपेक्षा जास्त साचते, आणि उरलेल्या शरीरातला रक्तदाब खाली येतो. मूत्रपिंडांना वाटते की शरीरात रक्ताची तूट आहे. म्हणून ती मीठ व पाणी अडवून धरतात. तिजोरीत पैसे असताना ते चुकीच्या खात्यात पडून राहावेत, आणि खजिनदाराने तूट समजून सगळे खर्च रोखून धरावेत, असा हा प्रकार आहे. अडविलेले हे पाणी शेवटी पोटात झिरपते. जलोदराच्या रुग्णाला आहारतज्ज्ञ मीठ कमी करण्याविषयी इतके बजावून का सांगतात, ते यावरून ध्यानी यावे.

आतड्यांकडील वाहिन्या सैल का पडतात, याची अनेक कारणे सांगितली जातात. त्यांपैकी एक थेट आपल्या विषयाशी निगडित आहे. २००१ मध्ये जॉर्ज कुनोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सिरोसिस झालेल्या उंदरांचा रक्तदाब कमी होता. सीबी-१ हे कुलूप बंद करणारे औषध देताच तो वर आला. सिरोसिसच्या रुग्णांच्या रक्तातील एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींत आनंदामाइडचे प्रमाण वाढलेले आढळले, आणि त्या पेशी निरोगी उंदरांना टोचल्या असता त्यांचा रक्तदाब उतरला. कुलूप आधीच बंद केलेल्या उंदरांत मात्र तसे झाले नाही. म्हणजे आजारी यकृताच्या माणसात शरीराची स्वतःची भांगच काही अंशी रक्तवाहिन्या सैल करीत असते. अशा माणसाला बाहेरून आणखी तसलेच द्रव्य देण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा, एवढे तर माझ्यासारख्या हिशेबनिसालाही कळले.

पण हिशेब एकेरी नाही. फ्रान्समधील सोफी लोटर्स्टाइन यांच्या गटाने २००५ व २००६ मध्ये उंदरांवरील कामातून जे दाखविले त्यामुळे हा विषय गुंतागुंतीचा झाला. ज्या उंदरांमध्ये जन्मतःच सीबी-१ नव्हते त्यांच्या यकृतात, तशीच इजा करूनही, तंतू कमी तयार झाले. ज्यांच्यात सीबी-२ नव्हते त्यांच्यात उलट जास्त झाले. याचा अर्थ, निदान उंदरांत तरी, एक कुलूप उघडले की यकृताचे नुकसान वाढते आणि दुसरे उघडले की ते आटोक्यात राहते. निरोगी यकृतात ही दोन्ही कुलपे अगदी थोडी असतात. आजार जडल्यावर ती वाढतात. टीएचसी ही किल्ली दोन्ही कुलपांत शिरते. एकाच व्यवहाराची नोंद जमेकडेही आणि नावेकडेही व्हावी, आणि शिल्लक काय राहिली ते कोणालाच खात्रीने सांगता येऊ नये, अशी ही स्थिती. म्हणूनच ‘गांजा यकृताला चांगला’ आणि ‘गांजा यकृताला वाईट’ असे दोन्ही दावे करणारे आपापल्या सोयीचा प्रयोग पुढे करू शकतात.

चरबीच्या यकृताबाबतही असेच आहे. २००५ मध्ये उंदरांवर दाखविले गेले की मेदयुक्त आहार दिला असता यकृतातील सीबी-१ हे चरबी तयार होण्यास चालना देते. दारूमुळे होणाऱ्या चरबीतही हेच कुलूप सामील असल्याचे २००८ मध्ये दिसले; दारूने स्टेलेट पेशींत टू-एजी वाढते व ते शेजारच्या यकृतपेशींवर काम करते. आमच्या बाह्यरुग्ण विभागात “दारू पूर्ण सोडली, आता फक्त कधीमधी भांग” असे अभिमानाने सांगणारे भेटतात. दारू सोडणे ही मोठीच गोष्ट आहे व त्याबद्दल त्यांचे अभिनंदनच केले पाहिजे. परंतु यकृतातील त्याच कुलपाला दुसरी किल्ली लावणे हे दारूबंदीचे उद्यापन नव्हे.

उंदरांवरून माणसाविषयी निर्णय देता येत नाही, हे डॉक्टरांनी मला पुन्हा पुन्हा बजावले. माणसांतील पुरावा कसा आहे? फ्रान्समध्येच २००५ साली हिपॅटायटिस सी असलेल्या २७० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. रोज गांजा ओढणाऱ्यांत यकृतातील तंतू अधिक वेगाने वाढल्याचे तीत आढळले, आणि अशा रुग्णांनी तो टाळावा असा सल्ला देण्यात आला. २००८ मध्ये अमेरिकेतील एका पाहणीनेही त्याच दिशेने बोट दाखविले. नंतर २०१३ मध्ये कॅनडातून वेगळे उत्तर आले. एचआयव्ही व हिपॅटायटिस सी दोन्ही असलेल्या रुग्णांवर काही वर्षे लक्ष ठेवले असता गांजामुळे यकृताची हानी वेगाने झाली असे दिसले नाही. तेथील संशोधकांनी एक मार्मिक शंका उपस्थित केली: आजार बळावलेले रुग्णच मळमळ, वेदना, निद्रानाश यांवर उतारा म्हणून गांजाकडे वळत असतील, तर आधीच्या पाहण्यांत कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली असावी. चरबीच्या यकृताचे प्रमाण गांजा घेणाऱ्यांत कमी आढळले, असे सांगणाऱ्या अमेरिकी पाहण्याही आहेत. मात्र त्या केवळ दोन गोष्टी एकत्र आढळल्याचे सांगतात. एकीमुळे दुसरी झाली हे त्यांतून सिद्ध होत नाही. २००२ मध्ये पित्त तुंबल्यामुळे होणाऱ्या असह्य खाजेवर टीएचसीच्या गोळीने आराम पडल्याची एक नोंद आहे. ती खाज किती छळते हे ज्याने पाहिले आहे त्याला ही नोंद वाचून आशा वाटेल. पण त्या नोंदीत रुग्ण तीनच होते, आणि तीन पावत्यांवरून वर्षाचे अंदाजपत्रक करता येत नाही.

औषध म्हणून या व्यवस्थेचा उपयोग करण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न उलट्या दिशेने झाला, आणि तो देणगीदारांनी जाणून घ्यावा असा आहे. कुलूप उघडण्याऐवजी सीबी-१ बंद करणारे रिमोनाबँट नावाचे औषध २००६ मध्ये युरोपात स्थूलतेसाठी मान्य झाले. वजन घटे, रक्तातील चरबी सुधारे; यकृताच्या तज्ज्ञांनाही त्यातून मोठी अपेक्षा होती, कारण वर सांगितलेले बहुतेक सारे प्रयोग याच दिशेने जात होते. परंतु हे कुलूप मेंदूतही असते. आनंदाची वाट बंद केल्यावर जे व्हायचे तेच झाले. नैराश्य, चिंता आणि आत्महत्येचे विचार यांच्या नोंदी येऊ लागल्या. अमेरिकेच्या सल्लागार समितीने २००७ मध्ये एकमताने प्रतिकूल कौल दिला, युरोपात ऑक्टोबर २००८ मध्ये विक्री स्थगित झाली व पुढे मान्यताच काढून घेण्यात आली. भारतातही २००९ मध्ये त्यावर बंदी आली. प्रयोगशाळेत दहा वर्षे उजळ दिसणारी गोष्ट बाजारात अडीच वर्षेही टिकली नाही.

तेव्हापासून मेंदूत फारशी न शिरणारी, मुख्यतः शरीराच्या अन्य भागांतील सीबी-१ बंद करणारी औषधे घडविण्याचे काम चालू आहे. त्यांतील एकाच्या स्थूलतेवरील चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये जाहीर झाले. वजन घटले, पण चिंता, चिडचिड, झोप न लागणे या तक्रारी पूर्णपणे टळल्या नाहीत. यकृताच्या दीर्घ आजारावर मान्यता मिळालेले एकही कॅनाबिनॉइड औषध आज उपलब्ध नाही. हे वाक्य मी डॉक्टरांना दोनदा वाचून दाखविले व त्यांनी दोनदा मान डोलाविली.

राहता राहिले सीबीडी, म्हणजे ज्याला लोक ‘नशा न येणारे, म्हणून निर्धोक’ समजतात ते. याची एक शुद्ध, मोजून मापून तयार केलेली औषधी आवृत्ती आहे. २०१८ मध्ये अमेरिकेने ती मुलांतील दोन दुर्मिळ व कठीण प्रकारच्या अपस्मारांसाठी मान्य केली, आणि त्या मुलांना तिचा खरोखर उपयोग होतो. परंतु त्या औषधाच्या माहितीपत्रकात ठळक सूचना कशाविषयी आहे? यकृताविषयी. चाचण्यांत हे औषध घेणाऱ्या शंभरांतील सुमारे तेरा रुग्णांत यकृताचे एक एन्झाइम नेहमीच्या कमाल पातळीच्या तिपटीहून वर गेले. बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत असे शंभरात एखाद्यालाच झाले. म्हणून उपचार सुरू करण्यापूर्वी व नंतर ठरावीक काळाने यकृताची तपासणी करावी, आणि यकृत मध्यम किंवा गंभीर आजारी असल्यास मात्रा कमी करावी, असे तेथे लिहिलेले आहे. हे अपस्माराच्या मोठ्या मात्रेमुळे झाले असेल, असा युक्तिवाद होत असे. २०२५ मध्ये अमेरिकेत निरोगी प्रौढांना त्याहून बरीच कमी मात्रा अठ्ठावीस दिवस देऊन पाहिली असता शंभरी पाच-सहा जणांत एन्झाइम तसेच तिपटीवर गेले. औषध थांबविल्यावर ते खाली आले, हे खरे. पण ही माणसे निरोगी होती. ज्याच्या यकृताचा मुळातच थोडा भाग शिल्लक आहे त्याने हा प्रयोग घरी, मोजमापाविना करावा का?

आणखी एक गोष्ट यकृत-प्रत्यारोपण झालेल्या कुटुंबांसाठी विशेष महत्त्वाची. प्रत्यारोपणानंतर शरीराने नवे यकृत नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस हे औषध दिले जाते व रक्तातील त्याची पातळी काटेकोरपणे सांभाळावी लागते. सीबीडीमुळे हे औषध शरीरातून निघून जाण्याचा वेग मंदावतो व पातळी धोकादायकरीत्या वाढू शकते. ज्या घरातील माणसाने आपल्या यकृताचा भाग काढून दिला आहे, त्या घरात चार थेंबांनी हे घडावे, हे किती क्लेशदायक!

आमच्या त्या रुग्णाकडे पुन्हा येतो. सिरोसिसमध्ये आतड्यांत तयार होणारी अमोनियासारखी द्रव्ये यकृताकडून निपटली जात नाहीत व मेंदूवर ग्लानी येते. झोपेचे गणित उलटणे, बोलण्यात विसंगती, हात पुढे धरले असता पंजे फडफडणे ही त्याची लक्षणे. ती दिसताच कारण शोधावे लागते. बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, रक्तस्राव, गुंगी आणणारी औषधे. गुंगी आणणाऱ्या औषधांपासून अशा रुग्णाला कटाक्षाने दूर ठेवतात, कारण निरोगी यकृत जे काही तासांत निपटते ते आजारी यकृतात रेंगाळते. टीएचसी गुंगी आणते. त्या बाटलीत टीएचसी किती होते हे वेष्टनावर स्पष्ट नव्हते. डॉक्टरांना माझा दूरध्वनी जाईपर्यंत ते हे सर्व केवळ आजाराचे लक्षण समजून उपचार करीत होते. त्यांचा यात दोष नाही. जे सांगितलेच गेले नाही ते केसपेपरवर येणार कसे?

कायद्याविषयी दोन शब्द, कारण नातेवाईकांना त्याचीही धास्ती असते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा व चरस येतात. फुलोऱ्याविना असलेली पाने व बिया त्या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत, आणि भांगेचे नियमन राज्ये आपापल्या कायद्यांनी करतात. आयुर्वेदिक औषधांत पानांचा उपयोग परवान्याने होऊ शकतो. परंतु औषधविषयक नियमांत भांग ही आयुर्वेदातील विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, आणि अशा औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना छापणे बंधनकारक आहे. आयुर्वेदाने भांगेला विषवर्गात ठेवून मग तिच्या शुद्धीचे व मात्रेचे नियम सांगितले, हे मला अत्यंत जबाबदारीचे वाटते. माझी तक्रार त्या शास्त्राविषयी नाही. रुग्णाला न पाहता, त्याच्या तपासण्या न वाचता, दूरध्वनीवर थेंबांची संख्या सांगून पैसे घेणाऱ्यांविषयी आहे.

विश्वस्त मंडळाच्या सभेत हा विषय अर्धा तास चालला, जे आमच्याकडे क्वचितच घडते. एका विश्वस्तांचे म्हणणे होते की बाई फसल्या आहेत, रक्कम लहान आहे, देऊन टाकू. दुसरे म्हणाले की आज हे बिल मंजूर केले तर उद्या नाही म्हणण्यास आपल्याकडे आधार राहणार नाही. मला दोघांचेही पटले, आणि त्या सभेत मी काहीच बोललो नाही याची मला पुढे रुखरुख लागली. शेवटी असे ठरले की ज्या उपचाराची नोंद आपल्या केसपेपरवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सहीने नाही, त्याचे बिल निधीतून द्यायचे नाही. साडेसहा हजारांचे ते बिल नामंजूर झाले. त्याच सभेत त्या रुग्णासाठी अल्ब्युमिनचा खर्च निधीतून मंजूर झाला. पोटातील पाणी पाच लिटरहून अधिक काढावे लागले तर रक्तदाब ढासळू नये म्हणून अल्ब्युमिन द्यावे लागते, आणि त्याची एक बाटली बाजारात त्या थेंबांच्या दोन बाटल्यांपेक्षा फारशी स्वस्त नसते. देणगीदारांच्या माहितीसाठी सांगतो की यकृतविभागातील साहाय्यात सर्वांत मोठा वाटा याच औषधाचा आणि अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांना दुर्बिणीतून बांधण्याच्या प्रक्रियेचा असतो. हिपॅटायटिस सी च्या औषधांसाठी मात्र आपल्याला निधी खर्चावा लागत नाही; २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती शासनाकडून विनामूल्य मिळतात, आणि बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुसंख्य रुग्णांतून तो विषाणू पूर्णपणे जातो. वर वर्णिलेल्या पाहण्यांतील रुग्णांना त्या काळी ही सोय नव्हती.

रुग्णाचे थेंब बंद केले, जंतुसंसर्गासाठी प्रतिजैविक व पोट साफ राहण्यासाठी लॅक्टुलोज सुरू झाले. चौथ्या दिवशी त्यांनी पत्नीला नावाने हाक मारली. यातील कोणत्या उपायाला किती श्रेय, हे मी विचारले तेव्हा डॉक्टर म्हणाले की तिन्ही एकाच दिवशी केले, आता वेगळे काढता येणार नाही. ते घरी गेले. सिरोसिस अर्थातच गेलेला नाही. दर महिन्याला तपासणीला येतात, त्यांच्या पत्नी माझ्या खिडकीशी थांबून नमस्कार करतात, आणि त्या बिलाचा विषय आम्ही दोघेही काढत नाही.

या प्रसंगानंतर आमच्या नोंदणीपत्रकात एक रकाना वाढविला आहे: ‘येथील डॉक्टरांव्यतिरिक्त अन्य कोणाकडून घेत असलेली औषधे’. रकाना छापताना ‘भांग, गांजा, तेल, थेंब यांसह’ हे शब्द घालावेत की नाही यावर बराच खल झाला. लोक बिचकतील अशी भीती होती. शेवटी घातले. पहिल्या आठवड्यातच त्यात काविळीची माळ, एका गावचा काढा, व्यायामशाळेतील पावडर, शक्तिवर्धक भस्म आणि एका आजोबांची गेली तीस वर्षे चाललेली रोजची भांगेची गोळी अशा नोंदी आल्या. आजोबांच्या सूनबाईंना ती ठाऊकच नव्हती. रुग्णांच्या आप्तेष्टांना विनंती आहे की अशी कोणतीही बाटली, पुडी वा डबी असल्यास ती वेष्टनासह सोबत आणावी आणि कक्षातील सिस्टरांकडे अथवा सकाळी बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीवर दाखवावी. कोणी रागावणार नाही, आणि ही नोंद पोलिसांसाठी नसून केवळ उपचारासाठी आहे.